टाकीची उंची

११ जानेवारी

बारक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे फोडावं की नाही याचा तू दोन दिवस तरी विचार केला असशील. फोडलंस ते बरं केलंस. घरी ये म्हणून गळ घालायला लिहीत नाहीये, तेव्हा निर्धास्त वाच. पत्ता मावशीने दिला. फोन नंबर मात्र दिला नाही, तू शपथ घातली आहेस म्हणे. मावशीच्या पोटात आठ वर्षं एक गोष्ट टिकली, म्हणजे तू तिला काय दम भरला असशील ते देवच जाणे.

काम विमानाचं आहे. बाबांना पुन्हा एक रिमोटवर उडणारं विमान करायचंय.

गेल्या रविवारी सकाळी पेपर वाचता वाचता म्हणाले, "माळ्यावरचं इंजिन उतरव. जाम झालं नसेल तर एक विमान करू." आठ वर्षांत त्यांनी त्या इंजिनाचं नाव काढलं नव्हतं. मी स्टुलावर चढून ते खाली आणलं. तुझ्या चौकड्यांच्या शर्टात गुंडाळलेलं होतं. आतलं तेल डिंकासारखं घट्ट झालेलं. केस वाळवायच्या यंत्राने गरम केलं, दोन थेंब तेल सोडलं आणि हलकेच फिरवलं, तर सुटलं. बाबा हसले. शेवटचं कधी हसले होते ते मला आठवत नाही.

त्यांची तब्येत लिहायला हवी. हृदय थकलंय. पाय सुजतात, दहा पावलांत दम लागतो. डॉक्टर दिवसांचा आकडा सांगत नाहीत, फक्त "त्यांना आवडेल ते करू द्या" म्हणतात. हे वाक्य डॉक्टर कधी म्हणतात ते तुला माहीत आहे, आईच्या वेळी आपण दोघांनी मिळून ऐकलंय.

त्यांच्या हाताने काही होत नाही. उजवी तर्जनी अर्धी, मधलं बोट वाकत नाही. त्यामुळे ते खुर्चीत बसून सांगतात आणि मी कापते, घासते, चिकटवते. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या करते, संध्याकाळी बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या. दातांना पॉलिश करायचा कागद विमानाला फार छान चालतो, हा शोध माझा.

सांगाडा निम्मा झालाय. प्रश्न एकच आहे. इंजिन कसं बसवायचं, उभं, आडवं की उलटं? बाबांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघतात. म्हणून तुला विचारतेय. एका ओळीत सांग, जास्त शाई खर्च करू नकोस.

तुझी ताई


३० जानेवारी

बारक्या,

पत्र पोचल्याची पावती आली. तुझी सही बघितली. अजून तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट. म्हणजे वाचलंस. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस, पण विमानाचं काम अडलंय हे लक्षात घे.

इंजिनामागची प्लायवूडची भिंत बसवून झाली. तिला चार भोकं पाडली, बरोब्बर चौरसात. बाबांनी तीनदा मोजायला लावली. गंमत बघ, त्याच चार भोकांत इंजिन धरणारं माउंट कसंही फिरवून बसतं. उभं बसवलं की इंजिनाचं डोकं वर, चालू करायला सोपं, पण विमानाच्या नाकावर गळू आल्यासारखं दिसतं. हे तुझंच वाक्य, बाबांना अजून पाठ आहे. आडवं बसवलं की सायलेन्सर पोटाखाली जातो आणि सगळं कसं मध्यम मध्यम होतं. बाबा त्याला भित्र्याची तडजोड म्हणायचे. उलटं बसवलं तर नाक झाकून टाकता येतं, विमान खऱ्यासारखं दिसतं. पण इंधन जास्त झालं तर ते थेट खाली डोक्यात उतरतं, प्लग भिजतो आणि इंजिन हट्टाला पेटतं.

त्या दिवसाचं मी पुन्हा उगाळत नाही. इंजिन उलटं होतं, त्यात इंधन तुंबलं, बाबांनी पुढचा पंखा बोटाने फिरवला आणि तो उलटा फिरून बोटांवर आदळला. झालं ते एवढंच. घरात सगळे असंच सांगतात, मीही असंच सांगते.

तुला एक माहीत नसेल. हात बरा झाल्यावर कारखान्याने बाबांना काढलं नाही, पण लेथवरूनही हटवलं. हत्यारं वाटायच्या खिडकीवर बसवलं. ज्यांना त्यांनी लेथ शिकवली ती माणसं सकाळी रांगेत उभी राहून त्यांच्याकडून पाने घ्यायची आणि संध्याकाळी परत द्यायची. सहा वर्षं. घरी येऊन ते त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. फक्त हात धुताना फार वेळ लावायचे.

तेव्हा सांग. उभं, आडवं की उलटं.

ताई


२२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने दारात माझ्या हातात दिलं, बाबा आत झोपले होते. त्यांना दाखवलं नाही.

"उभंच बसवा. बाबांचं ऐका. मी तेव्हाही चुकलोच होतो."

दोन दिवस हे कार्ड लॅबच्या डब्यात ठेवून फिरतेय. ज्या मुलाने बाबांसारख्या माणसाशी अर्धा तास हुज्जत घालून उलटं इंजिन मान्य करून घेतलं, तो असं लिहितो? मावशी म्हणते तू आता विमानं करत नाहीस. एकही नाही. हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकलीस म्हणे.

तू असं लिहायला नको होतंस. तू भांडला असतास तर मी गप्प राहू शकले असते.

ताई


२ मार्च

बारक्या,

आज लॅबला सुट्टी घेतली आहे. हे पत्र मी एका बैठकीत लिहिणार आहे, कारण उठले तर परत बसणार नाही.

तू चुकला नव्हतास. इंधनाची टाकी मी खाली घेतली नव्हती.

तू हे कार्ड लिहिणारा माणूस झाला आहेस म्हणून आता सगळं सविस्तर सांगते. विमान उभ्या इंजिनाच्या हिशोबाने चाललं होतं. टाकीचा तळ मीच बसवला होता, घट्ट चिकटवून, कार्बुरेटरच्या उंचीला. मग तू त्या रविवारी म्हणालास, इंजिन उलटं करू. बाबा आधी नाही म्हणाले, मग चिडले, मग तुझी चित्रं बघायला लागले, आणि अर्ध्या तासाने म्हणाले, "कर तुझ्या मनासारखं." मी तिथेच कागदाने पंख घासत बसले होते. मला कुणी विचारलं नाही.

तू माझ्याकडे वळून म्हणालास, "ताई, इंजिन उलटलं की कार्बुरेटर खाली जातो. टाकी दीड इंच खाली घे हं, नाहीतर इंधन आपोआप इंजिनात उतरत राहील." मी म्हटलं, घेते.

बारक्या, त्याआधी मला मोठ्या लॅबचं बोलावणं आलेलं होतं, तुला आठवतं का? दुसऱ्या शहरातलं. राहायची सोय त्यांचीच होती. बाबा तीन महिने "बघू" म्हणत होते. मी चहा दिला की बघू, जेवायला वाढलं की बघू. आणि तुला अर्ध्या तासात हो मिळालं. तेही त्यांनी जन्मभर ज्याला नाही म्हटलं त्या गोष्टीला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चिकटलेला तळ फोडून परत बसवायचा म्हणजे दोन संध्याकाळी गेल्या असत्या. मी म्हटलं, जाऊ दे. मैदानावर इंजिन खोकेल, बंद पडेल, बाबा म्हणतील, सांगितलं नव्हतं का. एकदा तरी तुझं चुकलेलं त्यांना दिसू दे. मला एवढंच हवं होतं. झाकण लावलं आणि चारही स्क्रू आवळले.

मैदानावर जाताना तू विचारलंस, टाकी खाली घेतलीस ना. मी हो म्हटलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला वाटतं तसं ते नाही. टाकी गच्च भरलेली होती. तू रिमोट तपासत होतास, शेपटीचं सुकाणू हलवून बघत होतास, त्यात दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं इंधन झिरपत खाली इंजिनात उतरत होतं. मला कळत होतं. बाबांनी पंखा हाताने हळू फिरवून बघितला आणि म्हणाले, घट्ट लागतोय. तू म्हणालास, थांबा जरा. ते म्हणाले, इंजिन नवीन आहे, घट्टच असणार. काठीने फिरवायची त्यांना लाज वाटायची, ते नेहमी बोटानेच फटका द्यायचे. तू प्लगला बॅटरी लावलीस. तेव्हा मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. मी म्हटलं, आता बोलले तर सगळ्यांसमोर मी खोटी ठरेन. आणि तेवढ्यात आवाज आला.

आपण सगळेच थोडे थोडे चुकलो, असं मी स्वतःला आठ वर्षं सांगत आलेय. बाबांनी काठी घ्यायला हवी होती, तू झाकण उघडून बघायला हवं होतंस. हे खरं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही.

दवाखान्यात बाबा पट्टी बांधलेला हात छातीवर ठेवून तुला म्हणाले, "तुझ्या उलट्या इंजिनाने माझा हात खाल्ला." तू पांढरा पडलास. मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलंस, "ताई, टाकी खाली होती ना?" बाबा ऐकत होते. मी म्हटलं, "हो."

दोन महिन्यांनी तू घर सोडून गेलास. मीही त्याच आठवड्यात मोठ्या लॅबला नाही म्हणून कळवलं. बाबांना कुणीतरी हवं होतं आणि ते कुणीतरी मीच असणं भाग होतं.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. फक्त तुझं वाक्य परत घे. इंजिन मी उलटंच बसवणार आहे.

ताई


६ एप्रिल

बारक्या,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मी दारात जाते.

विमानाची खबर देते. काल दुपारी अंगणात इंजिन चालवून बघितलं. विमान टेबलाला शिकंज्याने आवळलं होतं, पंख न लावता. इंजिन उलटं, टाकी दीड इंच खाली. या वेळी तळ चिकटवायच्या आधी पट्टीने पाच वेळा मोजलं. बाबांना खुर्चीसकट उचलून बाहेर आणायला शेजारचा सुतार आला होता. तो गेला, मग मी सुरू केलं. काठीला रबरी नळी गुंडाळून फटका दिला. बाबा काठीकडे बघत होते.

तिसऱ्या फटक्याला पकडलं. मी ते पूर्ण मंद केलं, पंख्याची पाती दिसतील इतकं. मला वाटलं आता खोकेल, आता विझेल. नाही विझलं. मधूनच वाढवलं, परत कमी केलं. टाकी संपेपर्यंत अकरा मिनिटं एका लयीत चाललं. टाकी खाली असली की उलटं इंजिनही चालेल असं तू सांगितलं होतंस, अगदी तसं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. इंजिन थांबल्यावर अंगण इतकं शांत झालं की मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मग मी त्यांना सांगितलं. टाकीचं, तुझ्या दोन्ही प्रश्नांचं, माझ्या दोन्ही उत्तरांचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले. मग आत न्यायला सांगितलं.

यायचं असेल तर आता ये. मी गळ घालणार नाही म्हटलं होतं. तो शब्द मोडतेय.

ताई


१४ मे

बारक्या,

तू येऊन गेल्याला आठवडा झाला. "सात तारखेला येतो, बाबांना सांगू नकोस" ही तुझी ओळ मिळाली तेव्हा बाबांना जाऊन दोन दिवस झाले होते. ते गेल्याचं मी लगेच लिहिलं, पण ते पत्र तुझ्या घरी पोचायच्या आत तू निघाला होतास. दारात तू पिशवी खाली ठेवलीस आणि माझ्या तोंडाकडे बघूनच तुला कळलं.

तुला माझ्यावर ओरडायचा पुरेपूर हक्क होता. तू ओरडला नाहीस. चहा घेतलास, कप विसळून ठेवलास, पाहुण्यासारखा. टेबलावरच्या विमानाला हातही लावला नाहीस. मग बाबांच्या खोलीत गेलास आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलास. मी दाराशी उभी होते. तू म्हणालास, "बाबा, आठ वर्षं आलो नाही. चुकलं माझं." किती तरी वेळ रडलास. निघताना मला विचारलंस, शेवटपर्यंत त्यांना माझा राग होता का. मी म्हटलं, नाही.

तेही खरं होतं. आणि तरी मी पुन्हा तुझ्यापासून लपवलं. गेल्या पत्रात बाबा फक्त "बरं" म्हणाले असं लिहिलं, तेव्हाही लपवलं. मला वाटलं खरं कळलं तर तू येणारच नाहीस. आता ते गेले आणि तू येऊन गेलास, तेव्हा लपवायला काही कारण उरलेलं नाही.

त्या दिवशी "बरं" म्हणून झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने टाकीचं झाकण चाचपलं. मग म्हणाले, "मला माहीत होतं. दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी झाकण उघडलं होतं. डाव्या हाताने चार स्क्रू काढायला तासभर लागला. टाकी वरच होती."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. मला वाटलं म्हणतील, तुझी दया आली. तसं म्हणाले असते तर मी ते जन्मभर जपून ठेवलं असतं.

ते म्हणाले, "तो जाणाराच होता, आज ना उद्या. तुला बोललो असतो तर तूही गेली असतीस. माझा हात असा झालेला. मला घरात माणूस लागणार होतं."

लेथवर पाना मागावा तशा आवाजात म्हणाले. त्यात ना राग, ना लाज. मग पाय दुखतायत म्हणाले आणि मी त्यांचे पाय चेपले. दुसरं काय करणार होते?

मोठ्या लॅबला नाही म्हणून पत्र लिहिलं तेव्हा ते शेजारीच बसले होते. "नीट विचार करून ठरवलंस ना?" इतकंच विचारलं होतं त्यांनी. मला वाटत होतं मी माझं पाप फेडतेय. ते मला फेडू देत होते, कारण त्यात त्यांची सोय होती. आणि तुझ्यावरचा आळ दोघांनाही परवडत होता. एका घरात, एका टेबलावर जेवत, आम्ही दोघांनी आठ वर्षं तुला बाहेर ठेवलं आणि एकमेकांना कळूही दिलं नाही.

मला त्यांचा फार राग आला. पण क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं, वाटेकरी मिळाल्यासारखं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला अजून लाज वाटते. त्यानंतर चार आठवडे मी त्यांना औषधं दिली, अंग पुसलं, उशा बदलल्या. आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही. ते सकाळी गेले, मी दूध तापवत होते तेव्हा.

हे तुला कळवून तुझ्या हाती काय लागणार मला ठाऊक नाही. जिच्यावर इतका विश्वास टाकलास ती बहीणही गेली आणि ज्याच्यापुढे रडलास तो बापही. पण तू त्या खुर्चीसमोर बसून माफी मागत होतास आणि मला ते बघवलं नाही. ज्याने माफी मागायची गरज नव्हती असा त्या खोलीत एकटा तूच होतास.

या पत्रासोबत एक मोठं खोकं येईल. जपून उघड. विमान आहे, पंख वेगळे कागदात बांधलेत. ठेवायचं असेल तर ठेव, द्यायचं असेल तर कुणाला दे, मला कळवायची गरज नाही. इंजिन उलटं बसवलंय. टाकीवरचं झाकण नुसतं ठेवलंय, चारही स्क्रू चिकटपट्टीने वर लावून दिलेत. झाकण उचल, पट्टी घे आणि टाकी किती खाली आहे ते स्वतः मोज. मला विचारू नकोस.

ताई